कोऱ्या फॉर्मवरच्या सहा सह्या

दरवर्षी आठ मार्चला आमच्या मिलमध्ये माझा फोटो काढतात. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात मीटर, पाठीमागे पॅनेलचं उघडं दार आणि आतल्या वायरींचा गुंता. फोटोग्राफर म्हणतो, मॅडम, जरा वायरीकडे बघा, काम करताय असं वाटू द्या. मी बघते. त्या पॅनेलचा सप्लाय आधीच बंद केलेला असतो आणि मीटरमधला सेल बहुतेक वेळा उतरलेला असतो, पण फोटोत ते कुठे दिसतं? मग आठवडाभर गेटवर फ्लेक्स झुलतो, 'आमच्या मिलची पहिली महिला अभियंता'. अभियंता हा शब्द माझ्या वाट्याला त्या आठवड्यापुरताच. बाकी वर्षभर मी नुसती मॅडम.

सहा वर्षं मी तो फोटो हौसेने काढून घेतला, हे आधीच कबूल केलेलं बरं. पहिल्या वर्षीचा तर मी मोठा करून गावी नेला होता. आईने तो देव्हाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर लावला आणि आल्यागेल्याला दाखवत सुटली.

आमची मिल जालन्याच्या एमआयडीसीत आहे. सळया बनवतो आम्ही. भट्टीत लोखंड तापतं, लालबुंद होऊन रोलांमधून पळत सुटतं आणि पार दुसऱ्या टोकाला सळई होऊन पडतं. त्याला पळवणाऱ्या मोटारी आणि त्या मोटारींना ताब्यात ठेवणारी पॅनेलं, हे आमचं खातं, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. या खात्याचे मुख्य म्हणजे आमचे सर. त्यांनीच मला इथे आणलं. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते त्यांच्यामुळे आणि आईमुळे घडलं असं मी दर महिला दिनाच्या भाषणात सांगत आले. ते खरंच होतं. मी समजत होते त्यापेक्षा जरा जास्तच खरं होतं.

माझं गाव भोकरदनच्या पुढे. शेतात विहीर, विहिरीवर मोटार, आणि मोटारीचा स्टार्टर नेमका पाणी द्यायच्या वेळेला रुसणारा. तो स्टार्टर मी सातवीत असताना उघडला. वडील शेजारी उभे होते, त्यांनी अडवलं नाही. उलट गावभर सांगितलं, माझी पोरगी वायर ओळखती. दहावीनंतर मी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला जायचं म्हटलं तेव्हा भावकीतला एक जण घरी येऊन म्हणाला, "पोरीला काय लाइनमन करून राह्यले का?" वडिलांनी आत चहा सांगितला. आई आतून बाहेर आली. म्हणाली, "व्हऊ दे की लाइनमन. तुमच्या घरी अंधार पडला तं तीच येईल." तो माणूस चहा न घेता गेला. मला त्या दिवशी वाटलं, अशी आई असल्यावर जगात कोणाच्या बापाला भ्यायचं?

सर आमच्या तंत्रनिकेतनात आठवड्यातून एकदा शिकवायला यायचे. वर्गात आम्ही चार मुली, बाकी सगळे मुलगे. प्रॅक्टिकलला मोटार उघडायची म्हटली की मुलगे गराडा घालायचे आणि आम्ही मागून माना उंच करून बघायचो. सरांनी पहिल्याच दिवशी मुलांना मागे सारलं. म्हणाले, "तुम्ही घरी रोज उघडता. आज यांना उघडू द्या." माझ्या हातात पाना दिला. कोणी सांगितलं वायरीत करंट नाही, तरी स्वतः तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, हा पहिला धडाही त्यांचाच. सख्ख्या नातेवाइकानेही केलं नसतं एवढं त्या माणसाने माझ्यासाठी केलं. आज त्यांच्याबद्दल लिहिताना राग येतो, तरीही हे वाक्य मला खोडता येत नाही.

डिप्लोमाचा निकाल लागला आणि पुढच्याच रविवारी सर आमच्या घरी आले. मिलमध्ये जागा आहे, मुलीला पाठवा, असं सांगायला. पाहुणे आले, घरात दूध नव्हतं, म्हणून आईने मला शेजारी पिटाळलं. शेजारीण म्हैस पिळायला नुकतीच बसली होती. मी अर्ध्या तासाने दुधाचा तांब्या घेऊन परत आले, तोवर सगळं ठरलं होतं. वडील हसत होते, सर पोहे खात होते, आई म्हणाली, "पड साहेबाच्या पाया." मी पडले. मला वाटलं, माझ्या मार्कांनी काम केलं.

मिलमध्ये पहिल्याच दिवशी सरांनी मला सेफ्टी शूज दिले. आमच्या स्टोअरमध्ये बायकांच्या मापाचे नव्हतेच, म्हणून स्वतः संभाजीनगरला जाऊन आणले होते. मग माझी जागा दाखवली. ऑफिसातलं टेबल, खिडकीला लागून. खिडकीतून समोर मिलची शेड दिसायची. काम भरपूर होतं. पॅनेलची ड्रॉइंग काढायची, स्पेअरच्या याद्या करायच्या, कंपन्यांशी फोनवर भांडायचं. शेडमध्ये काही बिघडलं की तिथून फोन यायचा, "मॅडम, मोटारीचा ड्राइव्ह ट्रिप मारून बंद पडून राह्यला, सतरा नंबरचा फॉल्ट दाखवतो." मी ड्रॉइंग पसरायची, विचार करायची, आणि सांगायची, अमुक टर्मिनल ढिलं असेल, बघा. पाच मिनिटांनी खिडकीतून मशीन सुरू झाल्याचा आवाज यायचा. आपण दुरुस्त केलेली गोष्ट आपण फक्त आवाजावरून ओळखायची, असं ते काम होतं.

आणि फोनवरून काही सगळं दिसत नाही. एकदा मी सांगितलेलं टर्मिनल तिथे नव्हतंच. आदल्या महिन्यात कोणीतरी घाईघाईत वायर दुसरीकडे हलवली होती आणि ड्रॉइंगमध्ये मांडायचं राहून गेलं होतं. दोन तास मिल बंद. दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, मला शेडमध्ये पाठवा, मी स्वतः सगळं बघून ड्रॉइंग नवीन करते. पाळीतही घ्या, इतरांसारखं. सर म्हणाले, "अगं बेटा, तिकडे बाईमाणसाला बाथरूमची सोय नाही. मी शेठशी बोलतो. पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी. मग त्याच्या पुढच्या वर्षी. मी समजूत घालून घेतली की शेठ जुन्या विचारांचे असतील. नंतर त्याहून वाईट समजूत घातली, की माझ्यातच काहीतरी कमी असेल. माझ्यानंतर तीन वर्षांनी आमच्याच कॉलेजातला एक इंजिनिअर लागला. ड्रॉइंग वाचायला मी शिकवलं त्याला. तो पहिल्या महिन्यापासून शेडमध्ये. मी रविवारी खोलीवर बसून ड्राइव्हची मॅन्युअलं वाचत राहिले, म्हणजे सरांना कधीतरी वाटावं, आता ही तयार झाली.

मग मिलची दुसरी लाइन टाकायचं ठरलं. नवी भट्टी, नवे रोल, सगळी पॅनेलं नवी. त्या लाइनची एकूण एक ड्रॉइंगं माझ्या हातची. कोणती केबल कुठून निघून कुठे जाते ते मी झोपेत सांगितलं असतं. तिथे इलेक्ट्रिकलला इन्चार्ज नेमायचा होता, आणि ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की देवाला नारळसुद्धा बोलले होते. खात्यातले लोकही धरून चालले होते. कॅन्टीनवाला म्हणाला, मॅडम, पेढे माझ्याकडूनच घ्या.

नोटीस लागली. माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या त्या इंजिनिअरचं नाव होतं.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सरांना न विचारता शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ म्हणजे मिलचे मालक. वर्षातून एकदा फोटोच्या वेळी माझ्या बाजूला उभे राहतात, एवढीच आमची ओळख. मी म्हणाले, मला फक्त एवढंच सांगा, मी कुठे कमी पडले? ते खरोखरच गोंधळले. "कमी? अहो मॅडम, आम्ही तर दरसाल विचारतो. तुम्हीच नको म्हणता." मी म्हणाले, मी कधी नको म्हटलं? बाथरूम नाही म्हणून मला पाठवत नाहीत ना? शेठ म्हणाले, "बाथरूम? पंधरा दिवसांत बांधून दिलं असतं. मागितलं कोणी?" आणि माझी फाइल मागवली.

इथे एक सांगायला हवं. आमच्या खात्यात एक रीत आहे. दिवाळीच्या आधी वार्षिक फॉर्म येतात. कोणी काय काम केलं, कोणाला काय हवं, कोण कशाला तयार आहे, असं सगळं त्यात भरायचं असतं. सर तो गठ्ठा घेऊन प्रत्येकाच्या टेबलावर यायचे आणि म्हणायचे, "खाली सही ठोका, बाकीचं मी बघतो." आम्ही सगळे कोऱ्या फॉर्मवर सह्या करायचो. सरांचं अक्षर मोत्यासारखं, आणि ते प्रत्येकाबद्दल चार शब्द चांगलेच लिहायचे, त्यावर पगारवाढ व्हायची. फॉर्म वाचायला मागणं म्हणजे सरांवर संशय घेणं. तपासल्याशिवाय वायरीला बोट न लावणारी मी, कागदावर मात्र डोळे झाकून सही करत होते.

फाइलमध्ये सहा फॉर्म होते. प्रत्येकात एक रकाना, 'मशीनवर व पाळीत काम करण्याची तयारी आहे का?' आणि पुढे त्या मोत्यासारख्या अक्षरात, 'नाही. कौटुंबिक कारणास्तव.' खाली माझी सही. एका वर्षी तर त्यांनी जरा सविस्तर लिहिलं होतं, 'कर्मचारी स्वतः ऑफिसचे काम पसंत करते.' सहाही सह्या माझ्याच होत्या. पहिल्या दोन जरा बाळबोध, नंतरच्या झोकदार. मला शेठसमोर रडू आलं आणि त्याची अजून लाज वाटते.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सरांच्या केबिनमध्ये मी गेले तेव्हा ते डबा उघडत होते. मी फॉर्मची गोष्ट काढली. वाटलं होतं नाकारतील, काहीतरी सारवासारव करतील. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "मी तुला फसवलं नाही, बेटा. मी शब्द पाळला."

"कोणाला दिलेला?"

"तुझ्या घरी दिलेला. मशीनजवळ उभी करणार नाही, ऑफिसातच ठेवीन, म्हणून सांगितलं होतं. तो शब्द दिला नसता तर तू आज इथे नसतीस. कोणाच्या तरी घरी भाकऱ्या थापत असतीस. आता तूच सांग, मी काय करायला पाहिजे होतं?"

मी दार आपटून बाहेर आले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून भोकरदनची एसटी पकडली. उत्तर मला वाटेत राजूरजवळ सुचलं. मला विचारायला पाहिजे होतं, एवढंच तर होतं उत्तर. पण सर मागे जालन्यात डबा खात होते आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात वडिलांशी भांडत होते. गावभर पोरीची फुशारकी मारायची आणि पाठीमागे असे सौदे करायचे!

घरी पोचले तेव्हा वडील ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसले होते. आई अंगणात मिरच्यांचा ढीग घेऊन देठं खुडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत. सरांना शब्द दिलाच कसा, माझ्या आयुष्याचं तुम्ही कोण ठरवणार, असं तोंडाला येईल ते बोलत गेले. वडिलांनी पंपाचा वॉशर खाली ठेवला. मग म्हणाले, "कोन्ता शब्द? म्या तं साहेबाला म्हणलं व्हतं, शिकली हाये तं काम करू द्या, जिथं आसंल तिथं." आणि त्यांनी आईकडे पाहिलं.

आईचे हात थांबले नाहीत. "त्याह्यला काय इचारती?" ती म्हणाली. "मला इचार. शब्द म्या घेतला."

मी ओट्यावर बसले.

"तू दूध आणाया गेल्ती, हे गोठ्यात व्हते. म्या साहेबाला म्हणलं, पोरगी देते, पण भट्टीपाशी उभी करायची न्हाई. मशीनला हात लावू द्यायचा न्हाई. खुर्चीवर बसवत आसाल तं न्या, न्हाईतं ऱ्हाऊ द्या. साहेब भला माणूस. लगेच दिला शब्द."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं आसतं तं तू गेली आसती का? न्हाई, भांडत बसली आसती." तिने मूठभर मिरच्या टोपलीत टाकल्या. "त्या वरच्या आळीतला तो, जालन्याच्या कारखान्यात व्हता. त्याचे पाय तू पाह्यले न्हाई. म्या पाह्यले. कातडं न्हाई ऱ्हायलं. आन् तू म्हणती मला तिथं उभी करा."

मी म्हणाले, एवढी भीती होती तर शिकवलंस कशाला? आणि हे विचारताना मला तिला दुखवायचंच होतं. पण ती दुखावली नाही. तिला माझा प्रश्नच समजला नाही.

"शिकली म्हणून तं खुर्ची भेटली," ती म्हणाली. "न्हाईतं माझ्यावाणी इथं खाली बसून मिरच्या खुडल्या आसत्या. सहा वरीस झाले, हातपाय धड घेऊन घरी येऊन राह्यली. अजून काय पाह्यजे माणसाला?"

तेव्हा मला कळलं. भावकीला परतवून लावणारी माझी आई, गावात एकटी माझ्या बाजूने उभी राहिलेली, ती मला मशीनपर्यंत पोचवायला कधी निघालीच नव्हती. ती निघाली होती खुर्चीपर्यंत. जन्मभर जमिनीवर बसून काम केलेल्या बाईला पोरगी पंख्याखाली खुर्चीवर बसलेली बघायची होती, आणि ते तिने करून दाखवलं. भिंतीवरच्या फोटोत तिला मीटर दिसत नव्हता, पॅनेल दिसत नव्हतं. स्वच्छ कपड्यांतली लेक तेवढी दिसत होती. मला त्या क्षणी तिचा संताप आला. सरांवर मी ओरडू शकले होते, वडिलांशी अबोला धरू शकले असते. आईचं काय करायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी हात धुतले आणि तिने वाढलेली भाकरी खाल्ली. भाकरी गोड लागली याचाही राग आला.

परत आल्यावर मी अर्ज लिहिला, माझ्या स्वतःच्या अक्षरात, आणि सरांच्या टेबलावर न ठेवता शेठच्या हातात दिला. नव्या लाइनची जागा गेली ती गेलीच. पण मला शेडमध्ये घेतलं, आठवड्याच्या पाळ्यांसकट. ज्याला मी ड्रॉइंग वाचायला शिकवलं त्याच्या हाताखाली. तो बिचारा अजून मला मॅडम म्हणतो आणि काम सांगताना कान लाल करून घेतो. बाथरूम खरंच पंधरा दिवसांत बांधून झालं. सहा वर्षं अडलेलं काम पंधरा दिवसांचं होतं, हे त्या निळ्या टाइल्सकडे बघताना रोज आठवतं.

सर एकदाच बोलले. म्हणाले, "तुझ्या आईचा दर आठवड्याला फोन येतो मला. काय सांगू त्यांना?" मी म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही ठरवलंत, आताही तुम्हीच ठरवा. त्यांनी काय ठरवलं ते मला आईकडूनच कळलं. पुढच्या फोनला ती खुशीत होती. "साहेब म्हणले, ऑफिसातच हाये पोरगी, काळजी करू नका." म्हणजे आता ते माझ्यासाठी खोटं बोलत होते. त्यांना सोपं गेलं असणार, सवय होती.

मला वाटलं होतं, मी तरी आईला खरं सांगेन. त्या सगळ्यांहून मी वेगळी आहे, सरळ आहे, असा मला अभिमान होता. दोन वेळा ठरवून फोन लावला आणि दोन्ही वेळा पिकाचं, पाहुण्यांचं बोलून ठेवला.

परवा दुपारी रोलांच्या दुसऱ्या स्टँडजवळच्या पॅनेलवर मी काम करत होते. शेजारच्या रोलांमधून लाल सळई सुटली. मिसरोल म्हणतात त्याला. नीट पकडली गेली नाही की ती सापासारखी हवेत उसळते. माझ्यापासून चार हातांवर पडली. तोंडाला झळ लागली, बाहीचं कापड करपलं. कोणाला काही झालं नाही. भोंगा वाजला, लाइन थांबली, लोकांनी गॅसने ती सळई कापून बाजूला केली आणि मीच पॅनेल तपासून लाइन परत चालू केली. बंद पडलेली अख्खी लाइन सुरू झाल्याचा आवाज पहिल्यांदा मी खिडकीतून नाही, जवळ उभी राहून ऐकला. पण आनंद झाला नाही, कारण आई खोटं बोलत नव्हती हे मला कळलं होतं.

जेवायच्या सुट्टीत बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं. तेवढ्यात तिचा फोन आला. रोज याच वेळेला येतो.

"जेवली का?"

"जेवले," मी म्हणाले. डबा अजून उघडला नव्हता.

"दम लागून राह्यला तुला. कुठं हायेस?"

करपलेली बाही मी कोपरापर्यंत गुंडाळली, जणू ती फोनमधून बघणार होती.

"इथंच. खुर्चीवर."

"पंखा हाये ना?"

"हाये."

"मंग बरं," आई म्हणाली आणि निश्चिंत मनाने फोन ठेवला.